स्कोप लगेच का नाही टाकला?

सकाळी एका ग्रुपवर फॉरवर्ड आला: पेशंटला रक्ताची उलटी झाली, तरी आयसीयूतले डॉक्टर तासन्‌तास बसून राहिले, स्कोप, म्हणजे घशातून पोटात घालायची दुर्बीण, टाकलाच नाही. खाली शिव्यांची लाखोली. डोकंच फिरलं माझं.

बसून? मी सर्जिकल आयसीयूत नर्स आहे. आतडं फुटून ऑपरेशन झालेले एक काका होते आमच्याकडे. बरेच दिवस व्हेंटिलेटरवर, त्यात रक्त नीट गोठत नव्हतं. ताणामुळे पोटात होणाऱ्या जखमांतून रक्तस्राव व्हायला या दोनच गोष्टी पुरतात. रात्री नाकातल्या नळीतून आधी कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट आलं, मग लालभडक. बीपी धाडकन खाली. त्या अवस्थेत घशातून दुर्बीण घालायची? हृदयच बंद पडलं तर?

म्हणून आधी जाड सुया, सलाइन, रक्त, रक्त गोठायला मदत करणारा प्लाझ्मा, पोटातलं अ‍ॅसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन. पिशवी पिळून पिळून रक्त चढवत होतो आम्ही. याला बसणं म्हणतात का? धोका जास्त असलेल्या पेशंटमध्येही सहा तासांच्या आत स्कोप केल्याने मृत्यू कमी होत नाहीत, हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २०२० मध्येच दाखवलंय. आधी पेशंट सावरायचा, मग २४ तासांच्या आत स्कोप.

हो, '२४ तास आहेत की' म्हणत टंगळमंगळ करणारेही असतात. आणि लिव्हरच्या पेशंटच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या असतील, तर १२ तासांच्या आत हवाच. मान्य.

काकांचा स्कोप पहाटे बेडवरच झाला. आतड्याचे टाके ताजे, म्हणून सर्जन शेजारी उभे राहून 'हवा कमी भरा, कमी भरा' म्हणत होते. ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, अल्सर, त्यात उघडी पडलेली रक्तवाहिनी. अ‍ॅड्रिनलिन टोचलं, क्लिप बसली आणि रक्त थांबलं.

पण त्यांची मुलगी रात्रभर दाराबाहेर. मी औषध आणायला बाहेर आले तेव्हा तिने हात धरला, "सिस्टर, आत कुणी काही करतंय का हो?" तोवर तिला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. स्कोपच्या संमतीपत्रावर सही मात्र घेतली होती!

तो फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही असंच ताटकळत ठेवलं असेल. मग तो दुसरं काय लिहिणार? रक्त चढवायला माणसं लागतात तसा एक जण दर तासाला बाहेर जाऊन बोलायलाही लागतो, आणि त्याचं नाव ड्युटी लिस्टमध्ये लिहिलेलं असायला हवं. हे मी आमच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. ज्यांची माणसं आयसीयूत आहेत त्यांनीही हक्काने विचारा: बीपी किती, रक्त किती दिलं, स्कोप कशासाठी थांबलाय?