मालकांचे उत्तर: पंचेचाळीस मिनिटं आणि ते 'चिवट पान'

नमस्कार दादा,

शनिवारी तुम्ही कुटुंबासह आमच्याकडे आलात आणि जेवण मनासारखं झालं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागते. मुलं भुकेली होती, त्यांना ताटकळावं लागलं, हे वाचून खरंच वाईट वाटलं. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून मीही मराठीतच लिहिते. जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसेलिनकडची मंडळी आधी रिव्ह्यू वाचतात आणि मग गाडी बाहेर काढतात. आमचं हवाईयन प्लेट लंचचं, म्हणजे भात, मॅकरोनी सॅलड आणि एक मुख्य पदार्थ अशा ताटाचं, दुकान आठ टेबलांचं आहे. दोन स्टार आम्हाला दिसतात, आणि लागतातही.

तुम्ही लिहिलंय, 'प्लेट लंच म्हणजे फास्ट फूड. त्यासाठी पंचेचाळीस मिनिटं बसवून ठेवलं आणि शेवटी आलं काय, तर साडेअठरा डॉलरला पाल्याचं एक चिवट गाठोडं.'

पंचेचाळीस मिनिटं बरोबर आहेत, मी नाकारत नाही. तुमच्या बिलावर ११:१७ ही वेळ आहे आणि ताट १२:०२ला टेबलावर आलं. पण दारावर आणि काउंटरवर, दोन्हीकडे लिहिलंय की लाउलाउ (पानांत बांधून वाफवलेलं मांस) दुपारी १२ नंतर मिळेल. काउंटरवर माझा पुतण्या होता. त्याने तुम्हाला सांगितलं की लाउलाउला अजून वेळ आहे, चिकन कात्सू किंवा लोको मोको दहा मिनिटांत देतो. तुम्ही म्हणालात, 'थांबतो, घाई नाही.' वहिनींनी मुलांसाठी स्पॅम मुसुबी (भातावर डबाबंद मांसाचा तुकडा) घेतल्या, त्या लगेच मिळाल्या, मुलांनी परत मागून खाल्ल्या. रिव्ह्यूत त्या मुसुबींना जागा मिळाली नाही. असो.

आता १२च का, ११:१७ला का नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

लाउलाउचं पान म्हणजे अळूचं पान. 'अळूसारखं' वगैरे नाही, अळूच. हवाईत त्याला कालो म्हणतात, वनस्पती तीच. आम्ही ती पानं ओक ट्री रोडवरच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांतून आणतो. आपण अळूवडीसाठी आणि गुजराती मंडळी पात्र्यासाठी घेतात, तीच जुडी. मी चिपळूणची आहे, अळू मला कोणी नव्याने शिकवायला नको. कच्चं राहिलेलं अळू घशाला काय करतं, ते तुम्हालाही ठाऊक असेल. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात आणि घसा खाजतो. म्हणून तर आपण फदफद्यात चिंच नाहीतर आंबट चुका घालतो. लाउलाउत आंबट काहीच नसतं. अळूची पानं एकावर एक ठेवायची, त्यावर डुकराच्या खांद्याचं मांस, थोडी चरबी, खारवलेल्या बटरफिशचा तुकडा आणि जाडं मीठ, बस्स. अळूला वठणीवर आणायला तिथे वाफ आणि वेळ एवढंच असतं. किमान चार तास. सकाळी पावणेआठला स्टीमर लागतो. पंधरा मिनिटं आधी काढलं असतं, तर तुमचा रिव्ह्यू घशाबद्दल असता, आणि मग मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

(मांसात मासा का, असंही विचारलंय. तो बटरफिश म्हणजे ब्लॅक कॉड. खारट मासा वितळून मांसात मुरतो. हीच तिथली पद्धत आहे, आमच्याकडून चुकून पडलेला नाही.)

आणि ते चिवट पान. दादा, ते खायचं नसतं.

अळूच्या पुडीवर बाहेरून टीची पानं गुंडाळतात. टी म्हणजे चहा नाही, ही लांब, चकचकीत पानांची वेगळी वनस्पती आहे. ताटात आलं की गाठ सोडायची, पान बाजूला करायचं आणि आतलं खायचं. पातोळी खाताना हळदीचं पान आपण सोलून टाकतो, तसंच. पुतण्याने ताट ठेवताना हे सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात. कामाचा फोन असेल, मी समजू शकते, पण त्याने दोनदा सांगितलं आणि दुसऱ्यांदा तुम्ही हात वर करून त्याला थांबवलंत. एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, तिसऱ्यांदा सांगायला धजला नाही. तुमची रिकामी प्लेट आत आली तेव्हा टीचं पान अर्धं चावलेलं होतं. माझे मिस्टर आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. ते म्हणाले, जाऊन सांग. मी गेले नाही. ते हवाईतल्या हिलोचे. त्यांच्याकडे कालो म्हणजे माणसाचा थोरला भाऊ मानतात. हालोआची कथा आहे, मृत जन्मलेल्या पहिल्या मुलाला पुरलं तिथे कालो उगवला आणि त्याच्या मागून आलेला धाकटा तो माणसांचा पूर्वज. त्यामुळे पोईचं, म्हणजे शिजवून कुटलेल्या कालोच्या लगद्याचं, भांडं उघडं असताना घरात वादावादी करायची नाही, अशी रीत आहे. त्या वेळी तुमच्या शेजारच्या टेबलावर पोई होती, म्हणून मी गप्प राहिले. आता दुकान बंद झालंय, भांडी घासून झालीत, म्हणून लिहिते आहे.

ही टीची पानं न्यू जर्सीत सहज मिळत नाहीत, हेही सांगून ठेवते. फुलांच्या दुकानात मिळतात ती सजावटीची असतात, त्यांच्यावर काय फवारलंय कोण जाणे, ती आम्ही अन्नाला लावत नाही. बेटांवरून मागवतो. तिथून मेनलँडला निघणाऱ्या झाडपाल्याची आधी तपासणी होते, कधी खोकं अडकतं, आणि मग त्या आठवड्यात लाउलाउ नसतो. तुम्ही खाल्लेलं, म्हणजे न खायचं खाल्लेलं ते पान, विमानाने आलं होतं. साडेअठरा डॉलरमध्ये ते आहे, ब्लॅक कॉड आहे, चार तासांचा गॅस आहे, दोन स्कूप भात, मॅकरोनी सॅलड आणि वाटीभर लोमी सॅमन (खारवलेल्या सॅमन माशाची टोमॅटो-कांद्यातली कोशिंबीर) आहे. यात आम्ही काय मिळवतो ते इथे लिहीत नाही, लिहिलं तर माझ्याच डोळ्यांत पाणी येईल.

तुम्ही पुढे म्हणता की माउईला सुट्टीत खाल्लं ते 'खरं हवाईयन' होतं आणि आमचं नाही. माउईला तुम्ही रिसॉर्टच्या लुआउला, म्हणजे मेजवानीला, गेला होतात, असं तुम्हीच लिहिलंय. छानच असतं ते, नाच असतो, समुद्र असतो. आमचं जेवण त्या जातीचं नाही. प्लेट लंच उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांतल्या मजुरांच्या डब्यातून आलं. चिनी, जपानी, पोर्तुगीज, कोरियन, फिलिपिनो, सगळे एका बांधावर बसून जेवायचे आणि एकमेकांच्या डब्यातलं खायचे. होनोलुलूत १९६१पासून रेनबो ड्राइव्ह-इन चालतं, तिथे लोक आजही खिडकीतून प्लेट घेतात आणि बाहेरच्या बाकांवर जेवतात. लोको मोको तर माझ्या सासरचंच, हिलोचं. १९४९च्या सुमाराला लिंकन ग्रिलमध्ये पोरांसाठी भात, हॅम्बर्गर पॅटी आणि वर ग्रेव्ही असं स्वस्तात पोटभर दिलं जायचं, अंडं मागून आलं. त्यात दिखावा कुठून आणू?

मॅकरोनी 'गिचका' झाली होती, हे बरोबर, ती मुद्दाम तशी करतात. जास्त शिजवली की मेयो आत शोषून घेते. मेयोही बदललेलं नाही. बेटांवर बेस्ट फूड्स वापरतात, रॉकी पर्वताच्या पूर्वेला तेच हेलमन्स नावाने मिळतं. 'हवाईयन म्हणवता आणि कशातच अननस नाही' याला मी काय उत्तर देऊ? अननसाचा तो पिझ्झा १९६२ साली कॅनडात, ऑन्टारिओतल्या चॅटममध्ये एका ग्रीक गृहस्थांनी, सॅम पानोपुलोस यांनी केला. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या होत्या. कालुआ पोर्कला, म्हणजे खड्ड्यात भाजायच्या डुकराच्या मांसाला, धुराचा वास बाटलीतला आहे, हेही तुम्ही ओळखलंत. आहे. जमिनीत खड्डा खणून, दगड तापवून इमू लावायची माझी फार इच्छा आहे, पण शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये घरमालक खणू देणार नाही. रात्रभर ओव्हनमध्ये करतो, लिक्विड स्मोक घालतो. हवाईतही घरोघरी असंच करतात.

शेवटचं वाक्य मात्र मला लागलं. 'चालवणारी मराठी बाई आहे, तेव्हा अपेक्षाच चुकीची होती.' दादा, लाउलाउ बांधायला मला सासूबाईंनी शिकवलं, त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या शेजारी उभं करून. माझी गाठ सैल यायची, त्या सोडून परत बांधायला लावायच्या. लास वेगासला बेटांवरची इतकी माणसं आहेत की त्याला नववं बेट म्हणतात, तिथे हे जेवण हवं तेवढं मिळतं. इथे पूर्वेला तसं नाही. मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्टच्या लष्करी तळावर बदली होऊन आलेली बेटांवरची मुलं शनिवारी आमच्याकडे येतात. ती काउंटरवर आधी विचारतात, चिली पेपर वॉटर आहे का? आहे म्हटलं की बसतात. मी कुठली, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. आणि ती बरोब्बर १२ नंतर येतात.

आता बदलांबद्दल. बोर्ड मोठा करून घेतो, शक्य झालं तर मराठी आणि गुजरातीतही. लाउलाउची वेळ बिल करतानाच पुन्हा सांगायची, असं पुतण्याला बजावलंय. टीचं पान खाऊ नये अशी चिठ्ठी ताटाबरोबर ठेवावी का, यावर घरात विचार चालू आहे, मिस्टरांना ते बरं वाटत नाही. स्टीमर लवकर लावण्याबद्दलही बघू, पण मग कोणाला तरी पहाटे उठावं लागेल, आणि ती कोण ते तुम्ही ओळखलंच असेल.

पुन्हा आलात तर आनंद होईल. लाउलाउ फक्त शुक्रवारी आणि शनिवारी असतो, आधी फोन केलात तर बाजूला काढून ठेवेन. वहिनींना आणि मुलांना नक्की घेऊन या. दोन स्टारचे तीन करता येत असतील तर जरूर बघा, निदान 'चिवट पाला' एवढं तरी काढलंत तर उपकार होतील. लोक तेवढंच वाचतात.

ता. क. टीपची जागा तुम्ही रिकामी सोडली होतीत, त्याबद्दल मी काहीही म्हणत नाहीये.