मला पेशवाई नको, जावजी दादाजींचा खिळ्यांचा कारखाना हवा

सकाळपासून फेसबुकवर सगळीकडे एकच प्रश्न फिरतोय, कुठल्या काळात जन्माला यायला आवडलं असतं? निम्मे लोक शिवकाळात सरदार झालेत, उरलेले पेशवाईत मुत्सद्दी. मी उत्तर देणार नव्हतो. पण आज चौकात एका निवृत्त प्राचार्यांच्या श्रद्धांजलीचा फलक पाहिला आणि राहवलं नाही. 'स्मृतिदिन' मधली वेलांटी 'त'च्या उजवीकडे जाऊन पडलेली. 'प्राचार्य' मधले दोन्ही र सुटे उभे आणि शेजारी हलंत उघडे. ज्या माणसानं हयातभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं, त्याचाच फलक असा! आणि हार घालायला आलेल्या एकालाही ते खटकलं नाही.

तर माझं उत्तर: १८६० ते १८९० ची मुंबई. आणि तिथेही वाडा, हवेली काही नको. जावजी दादाजींच्या टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) ओतायच्या कारखान्यात, कोपऱ्यातली एक जागा पुरे.

जावजींनी १८६४ मध्ये फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्याआधी पोरवयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला होते. म्हणजे अक्षर कुठे झिजतं, कुठे तुटतं हे त्यांच्या बोटांना आधी कळलं, धंदा नंतर. आणि त्यांच्या जोडीला राणोजी रावजी आरू, ज्यांनी निर्णयसागरचे पंच कापले. पंच म्हणजे पोलादी कांडीच्या टोकावर कानस आणि कोरणीनं कोरलेलं उलटं अक्षर. 'ठ'च्या पोटासारखी पोकळी आतून कोरणं अवघड, म्हणून तेवढ्यासाठी आधी वेगळा ठोकपंच करतात आणि पोकळी ठोकून काढतात. मग टोक ज्योतीवर काळं करायचं, कागदावर टेकवायचं, छाप बघायचा, पुन्हा कानस. अक्षर पसंत पडलं की पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवायचं आणि कडक करायचं. त्यानंतर दुरुस्ती नाही. चूक निघाली तर नवी कांडी, नवं कोरकाम.

तो पंच तांब्यात ठोकला की साचा उठतो, पण ठोकताना तांबं बाजूला फुगतं. ते घासून चौकोन काटकोनात आणावा लागतो, आणि खोली सगळ्या अक्षरांची एकसारखी लागते. रोमन अक्षर सुटं असतं, केसभर वरखाली झालं तरी खपून जातं. आपल्याला शिरोरेखा आहे! एक खिळा जरा वर बसला की रेघेला पायरी पडते, बाजू जास्त राहिली की फट दिसते. त्यामुळे देवनागरीच्या ओतकामात चूक लपवायला जागाच नाही, एका रेघेत सगळ्या कारखान्याची परीक्षा होते. मला त्या काळाचं वेड आहे ते यासाठी.

ओतायचा धातू शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा. नुसतं शिसं मऊ, दाबाखाली चेपतं. अँटिमनीनं ते कडक होतं आणि निवताना फार आकसत नाही, कथिलानं रस पातळ होऊन बारीक रेषेत शिरतो. तांब्याचा साचा हातात धरायच्या हातसाच्यात बसवून रस ओतला की लगेच हातसाचा वर झटकायचा, नाहीतर मात्रेचं टोक अर्धवट भरतं. मग शेपूट मोडायचं, बाजू घासायच्या. असा एकेक खिळा. आणि एका संचाला इंग्रजीसारखी शंभरेक चिन्हं पुरत नाहीत, जोडाक्षरं धरून कित्येक शे लागतात.

पुन्हा तो फलक डोळ्यांपुढे येतोय. ती वेलांटी!

खिळ्यांच्या छपाईत ऱ्हस्व वेलांटी हा सगळ्यात नाजूक भाग. तिची कमान पुढच्या अक्षरावर झुकलेली असते, म्हणजे खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबते, खाली आधार फक्त शेजारच्या खिळ्याच्या खांद्याचा. शेजारचा खिळा उंच असला, रूळ जोरात फिरला किंवा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, आवळताना वाकडा दाब आला, की कमान कट्कन तुटते. तीच गत रफाराची. म्हणून जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, छपाई चालू असतानाही मधूनच ताव उचलून वेलांट्या आणि रफार बघायचा, तुटका खिळा चिमट्यानं काढून दुसरा बसवायचा. दिवसाला कितीही ताव निघोत. आज ती वेलांटी तुटतच नाही, संगणक ती आपोआप जागेवर बसवतो, फक्त एक खूण करायची असते. आणि तीसुद्धा केली जात नाही? याचा मला संताप येतो.

बरं, तो काळ स्वर्ग नव्हता, मान्य. शिशाची धूळ अंगात जायची, कंदिलाच्या उजेडात डोळे जायचे, आणि बहुसंख्य लोकांच्या हाती पुस्तक पोचतच नव्हतं.

पण त्याच शतकात पुस्तक पोचायला लागलं, हेही विसरू नका. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं. चरबीच्या शाईला लोक विटाळ मानत, म्हणून त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगतात. शिळाप्रेसला खिळेच लागत नाहीत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं लिहायचं, डिंक आणि सौम्य आम्लाचा हात द्यायचा, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. लिहिलेल्या जागी शाई धरते, ओल्या जागी नाही. खिळे महाग होते तेव्हा मराठीला यानंच तारलं. पुढे खिळे स्वस्त आणि भरपूर झाले तेव्हा दारं आणखी उघडली. १८७३ ला जोतिरावांची 'गुलामगिरी', १८७७ ला कृष्णराव भालेकरांचं 'दीनबंधु' वृत्तपत्र, १८८२ ला पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना'. ताराबाईंचा बायकांची बाजू मांडणारा तो आवाज कागदावर उमटवायला कुणीतरी एकेक खिळा उचलून जुळवला होता. तो माणूस व्हायला मला आवडलं असतं. खरंच.

पावसाळ्यातली मुंबईसुद्धा मला हवी. तेव्हाचे शाईचे रूळ सरस आणि काकवी शिजवून ओतलेले. उन्हात ते पाघळतात, पावसात हवेतली ओल पिऊन लिबलिबीत होतात आणि शाई सारखी धरत नाहीत. म्हणून ऋतू बघून सरसाचं प्रमाण वाढवायचं. कागद आदल्या रात्री ओलवून वजनाखाली ठेवायचा, म्हणजे हातदाबाच्या यंत्रावर शाई नीट उतरते. जास्त ओलवला तर अक्षर फुटतं, कमी पडला तर उठतच नाही. हे अंदाज कुठल्याही पुस्तकात नव्हते, माणसांच्या हातात होते.

टिळकांसारखा माणूससुद्धा पुढे देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील याच्या मागे लागला आणि त्यानं १९० खिळ्यांचा संच आखला. एवढ्या व्यापात! आणि आपल्याला फलक छापायला देण्याआधी एकदा वाचायला वेळ नाही.

फलक करणाऱ्या पोरांवर मी रागावलेलो नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तर सांगतो. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल तर प्राधान्यांत 'टाइप'मध्ये जाऊन 'वर्ल्ड-रेडी लेआउट' चालू करा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेलात तर र, वेलांटी आणि श्र, द्ध, ह्म यांवर नजर फिरवा, तिथेच मोडतं. आणि पाठवण्याआधी पीडीएफ मोठी करून दुसऱ्याकडून वाचून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

निर्णयसागरच्या 'काव्यमाला' या संस्कृत ग्रंथमालेचा एखादा जुना खंड ग्रंथालयात मिळाला तर भिंग घेऊन बसा. आधी शिरोरेखा बघा, पायरी सापडते का ते. मग वेलांटीची कमान पुढच्या अक्षराच्या दांड्यावर नेमकी कुठे टेकते ते बघा. मग 'क्ष्म', 'ष्ट्र', 'द्ध्य' शोधा. आरूंनी ते कोरताना अक्षराचं पोट कुठे आवळलं आणि पाय कुठे लांबवला, हे सगळं तिथे दिसतं.