वरातीमागून बीम

पुतणीच्या लग्नाची साडी मी डेक्कन क्वीनमध्ये बसून पसंत केली. म्हणजे बायको लक्ष्मी रोडवर दुकानात, मी संध्याकाळच्या गाडीत कल्याण सोडून कर्जतच्या वाटेवर, आणि मध्ये व्हिडिओ कॉल.

"अहो, ही बघा." पडद्यावर जांभळे चौकोन. मी म्हणालो, "छान!" तेवढ्यात चित्र गोठलं, बायकोचं तोंड उघडंच. सुटलं तेव्हा तिच्या हातात तिसरीच साडी होती, शेवाळी, आणि माझं "छान" नेमकं तिला जाऊन चिकटलं. कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं लागेपर्यंत बिलही झालं होतं.

घरी भाचा आलेला. तो मोबाइल टॉवरच्या धंद्यात. "मामा, तुमच्या साडीचं जे झालं ना, तेच टॉवरचं होतं. चॅनल एजिंग म्हणतात त्याला, म्हणजे लाटेच्या वाटेची माहिती शिळी होणं."

फाइव्ह-जीच्या टॉवरवर म्हणे एका चपट्या पेटीत ६४-६४ अँटेना असतात. फोन आधी ठरलेली एक खूण पाठवतो. ती कुठल्या इमारतीवर, कुठल्या डब्यावर आपटत आली, यावरून टॉवर हिशेब मांडतो आणि सगळ्या अँटेनांच्या लाटा अशा जुळवतो, की त्या नेमक्या तुमच्या फोनपाशी एकमेकींना जोर देतील. हाच तो बीम. टॉवरवर अँटेना वाढवतच नेल्या तर काय होईल, हे संशोधक थॉमस मार्झेटा यांनी २०१० साली मांडलं. कागदावर देखणं प्रकरण. फक्त गिऱ्हाइकानं जागचं हलायचं नाही.

कारण ३.५ गिगाहर्ट्झची लाट असते जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. ताशी १०० किलोमीटरनं धावणारी गाडी तेवढं अंतर तीन मिलिसेकंदांत कापते. त्याच्या निम्मं हललात तरी हिशेब शिळा! जुना टॉवर मांडवातल्या कर्ण्यासारखा अख्ख्या गावाला ओरडून सांगायचा. हा कानात कुजबुजायला येतो, तोवर कान पुढे निघून गेलेला. वरातीमागून घोडं.

"पण घाटात गाडी रांगते. तिथे तरी?"

"तिथे बोगदे आहेत, मामा."

आता म्हणे मागच्या हालचालींवरून पुढच्या क्षणाचा अंदाज बांधायची खटपट चालू आहे. बायको आतून शेवाळी साडी नेसून आली.

"त्यात काय एवढं? तुम्ही छानच म्हणणार, हे मला फोन लावायच्या आधीच ठाऊक होतं. मला हीच घ्यायची होती."