गच्चीवरचा टॉवर आणि कॅन्सरचा मेसेज

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज गेल्या महिन्यात पुन्हा फिरला. गच्चीवर मोबाईल टॉवर बसवायचा प्रस्ताव आला की तो हमखास येतो. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: टॉवरमधून एक्स-रेसारखे घातक किरण चोवीस तास बाहेर पडतात, जागतिक आरोग्य संघटनेनेच त्यांना कर्करोगकारक ठरवलंय, टॉवर असलेल्या इमारतींत कॅन्सरचे पेशंट वाढतात, चिमण्या टॉवरमुळेच नाहीशा झाल्या, 5जी तर त्याहून भयंकर आहे. आणि शेवटी, टॉवर हटवा, मुलं वाचवा.

मी तंत्रनिकेतनात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. आता निवृत्त आहे. टॉवरवाल्यांशी माझा काडीचा संबंध नाही. तरी हे लिहितोय, कारण या मेसेजने आमच्याच घरात काय केलं ते मी पाहिलंय. त्याबद्दल पुढे सांगतोच.

आधी ते एक्स-रेचं. निम्मा घोळ इथे भाषेनेच घातलाय. बातम्यांमध्ये अणुभट्टीतून येतो तोही ‘किरणोत्सर्ग’ आणि मोबाईलमधून येतो तोही ‘किरणोत्सर्ग’. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा उभं राहतं. शाळेच्या पुस्तकात ‘प्रारण’ असा शब्द होता. त्यात उन्हाचा उजेडही येतो, चुलीची धगही येते, रेडिओच्या लहरीही येतात आणि एक्स-रेही. सगळी प्रारणंच, पण एकाच्या अंगात जे बळ आहे ते दुसऱ्याच्या नाही.

कॅन्सर सुरू होतो तो पेशीतल्या डीएनएत बिघाड झाला की. किरणांनी डीएनएमधला रासायनिक बंध थेट तोडायचा, तर किरणाच्या एकेका फोटॉनकडे, म्हणजे ऊर्जेच्या एकेका पुडीकडे, काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं अगदी छोटं माप) ऊर्जा हवी. एक्स-रेच्या फोटॉनकडे ती हजारोंनी असते. उन्हातल्या अतिनील किरणांकडे तीन-चार किंवा थोडी जास्त असते, म्हणून त्यांनी त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरीतल्या फोटॉनकडे किती असते? सुमारे ०.०००००७. बल्बच्या पिवळ्या उजेडातला फोटॉन याच्या पावणेतीन लाख पटींहून ताकदवान असतो, आणि त्या उजेडात आपण रोज रात्री बसून जेवतो.

यावर वर्गात एक प्रश्न दर वर्षी यायचा: “सर, एक फोटॉन कमजोर असेल, पण असे अब्जावधी अंगावर आले तर?” प्रश्न चांगला आहे. पण बंध तोडायचं काम एकेका फोटॉनचं, त्यात वर्गणी चालत नाही. नारळावर मूठभर अक्षता टाका नाहीतर पोतंभर, तो फुटणार नाही. त्याला एक दगडच लागतो.

मग अब्जावधी फोटॉन करतात काय? तापवतात. रेडिओ लहरींचा शरीरावर नक्की सिद्ध झालेला परिणाम आहे तो हाच, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा त्यावरूनच ठरल्या. सगळ्या शरीरात दर किलोला सुमारे ४ वॅट शोषले गेले तर तापमान दखल घेण्याइतकं वाढायला लागतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा सामान्य लोकांसाठी त्याच्या पन्नासाव्या हिश्श्यावर, ०.०८ वॅटवर ठेवली. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा त्या आंतरराष्ट्रीय आकड्याच्याही एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती, अंगावर येऊन पडणाऱ्या लहरींच्या मापात, झाली दर चौरस मीटरला ०.४५ वॅट. दुपारच्या लख्ख उन्हात तेवढ्याच जागेवर साधारण १००० वॅट पडतात.

आता जागतिक आरोग्य संघटना. मेसेजमधला हा मुद्दा पूर्ण खोटा नाही, म्हणूनच त्यावर लोकांचा विश्वास बसतो. संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या ल्याँ शहरात आहे. तिने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ ‘कदाचित कर्करोगकारक असू शकेल, पुरावा तोकडा आहे’ असा. तंबाखू, दारू, एक्स-रे हे पहिल्या गटात, तिथे पुरावा पक्का असतो. ‘२ब’मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि आशियातल्या पारंपरिक पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही. दुसरी गोष्ट मेसेज सांगतच नाही. तो निर्णय मुख्यतः फोन तासन् तास कानाला लावणाऱ्यांच्या अभ्यासावर बेतलेला होता. टॉवरजवळ राहणाऱ्यांबद्दलचा पुरावा संस्थेने अपुराच ठरवला होता.

त्या अभ्यासांतला मोठा अभ्यास तेरा देशांतला, २०१० मध्ये निकाल आलेला. त्यात सर्वांत जास्त बोलणाऱ्या दहा टक्क्यांत ग्लायोमाचं, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या ट्यूमरचं, प्रमाण जास्त दिसलं. ही खरी गोष्ट आहे, ती लपवायचं कारण नाही. पण त्याच अभ्यासात नियमित फोन वापरणाऱ्यांना ग्लायोमा न वापरणाऱ्यांपेक्षा कमी होतो असंही दिसलं. फोनने ट्यूमरपासून संरक्षण मिळतं असं कुणीच मानत नाही. याचा अर्थ मोजणीच्या पद्धतीतच खोट होती. ट्यूमर झालेल्या माणसाला “दहा वर्षांपूर्वी रोज किती वेळ बोलायचात, कुठल्या कानाने?” असं विचारलं की तो आपल्या दुखण्याचं कारण शोधत शोधत आठवतो. कुणीही तसंच करेल.

म्हणून पुढचे अभ्यास आठवणीवर विसंबले नाहीत. डेन्मार्कमध्ये ३,५८,४०३ फोनधारकांची नावं थेट कर्करोग नोंदणीशी ताडून पाहिली, वाढ सापडली नाही. ब्रिटनमध्ये पावणेआठ लाख बायकांना आधी फोनबद्दल विचारून ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवली. २०२२ मध्ये त्याचा निकाल आला, तिथेही वाढ नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला आढावा आला, ६३ अभ्यासांचा. फोन आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध त्यात आढळला नाही. मेसेज मात्र २०११ वरच थांबलाय.

उंदरांचं उदाहरणही काही जण देतात. अमेरिकेत २०१८ मध्ये संपलेल्या त्या प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात ट्यूमर सापडले होते, हे बरोबर. पण त्यांना दोन वर्षं, रोज नऊ तास, अख्ख्या अंगावर दर किलोला ६ वॅटपर्यंत लहरी दिल्या होत्या. वर सांगितलेल्या ०.०८ शी ताडून बघा. आणि लहरी मिळालेले ते नर, न मिळालेल्या नरांपेक्षा जास्त जगले.

आता आमच्या घरातलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या वहिनीला स्तनाचा कॅन्सर निघाला. समोरच्या इमारतीवर टॉवर होता. भेटायला येणारा प्रत्येक जण खिडकीतून त्याच्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. वहिनीही तेच म्हणायला लागली, “भावजी, ती खिडकी कायमची बंद ठेवायला हवी होती.” नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की गाठ तिच्या हाताला सात महिने आधीच लागली होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच सात महिन्यांत ती टॉवरविरोधी अर्जावर सह्या गोळा करत दारोदार फिरत होती. मला या मेसेजचा राग येतो तो इथे. जी भीती दवाखान्याकडे न्यायला हवी होती, ती गच्चीकडे गेली.

‘टॉवरच्या इमारतीत पेशंट वाढतात’ याचंही उत्तर इथेच आहे. भारतात साधारण नवांपैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो, हा आपल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीवरून काढलेला अंदाज आहे. चाळीस फ्लॅटची इमारत घ्या, दीडशे-एकशेसाठ माणसं. त्यांतल्या सतरा-अठरा जणांना जन्मभरात कॅन्सर होणार, टॉवर असो वा नसो. त्यातले तीन-चार एकाच दोन-तीन वर्षांत निघाले तर सगळ्या गल्लीत बोलणं होतं. टॉवर असलेल्या ज्या शेकडो इमारतींत तसं काही घडलं नाही, त्यांच्याबद्दल कोण मेसेज लिहिणार?

चिमण्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. लहानपणी आमच्या घराच्या वळचणीला, तसबिरीमागे त्यांची घरटी असायची. पण २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर आलेला अहवाल सांगतो की चिमण्यांची संख्या देशभरात बरीचशी स्थिर आहे, घट दिसते ती मुंबईसारख्या महानगरांत. टॉवर तर आता खेडोपाडी आहेत. महानगरांतून गेली ती कौलं, वळचण, अंगणातलं धान्य, आणि पिल्लांना भरवायला लागणाऱ्या अळ्या-किडे. आणि समोरच्या त्या टॉवरवर नजर टाका. अँटेनाच्या चौकटीवर कबुतरं दाटीवाटीने बसलेली असतात, तिथेच अंडी घालतात.

5जी बद्दल फार बोलायची गरज नाही. आपल्याकडे ते सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, ‘ही माणसं करोनाने नाही, 5जीच्या चाचण्यांनी मरताहेत’ असे मेसेज फिरत होते. तेव्हा चाचण्यांना सुरुवातही झालेली नव्हती. 5जीच्या सर्वांत उंच वारंवारतेच्या पट्ट्यातल्या लहरी तर त्वचेच्याही फार आत शिरत नाहीत, भिंतीने अडतात.

शेवटचा मुद्दा ‘टॉवर हटवा, मुलं वाचवा’. तंत्राच्या दृष्टीने मेसेजमधली ही सगळ्यात उलटी गोष्ट, आणि तिचा पडताळा प्रत्येकाने घेतलाय. ताम्हिणी घाटातून जाताना रेंजची एकच काडी उरते, खिशातला फोन गरम लागतो आणि बॅटरी झपाझप उतरते. का? टॉवर लांब असला की त्याच्यापर्यंत पोचायला फोनला पूर्ण ताकदीने ओरडावं लागतं. टॉवर जवळ आला की तोच फोन कुजबुजतो. फोनची ताकद क्षणाक्षणाला कमी-जास्त करायची व्यवस्था त्यात असतेच. आणि अंतर दुप्पट झालं की लहरींचा जोर एक चतुर्थांश होतो. टॉवर तुमच्यापासून पन्नास-शंभर फुटांवर, त्याचा झोतही विजेरीसारखा समोर आडवा जाणारा, खाली फारच थोडं येतं. फोन मात्र कानापासून एक सेंटीमीटरवर. टॉवर हटवलात तर मुलाच्या डोक्याला मिळणारा डोस वाढेल. शंका असेल तर स्पीकर किंवा इअरफोन वापरा, एवढंच पुरे. फोनला लावायचे ते ‘रेडिएशन शोषणारे’ स्टिकर घेऊ नका. त्याने खरंच लहरी अडल्या तर फोन आणखी जोर लावेल.

कॅन्सरचीच काळजी असेल तर आकडे कुठे आहेत बघा. २०२० च्या राष्ट्रीय अहवालानुसार देशातले २७ टक्के कॅन्सर तंबाखूशी निगडित. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल २०१३ मध्ये जाहीर झाला. आरोग्यसेविकांना शिकवून, गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावायचं आणि नुसत्या डोळ्यांनी बघायचं, दर दोन वर्षांनी. एवढ्याने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल सोसायटीच्या ग्रुपवर मी आजवर एकदाही पाहिलेला नाही.

टॉवरबद्दल भांडायचं नाही, असं मी म्हणत नाही. आमची इमारत छत्तीस वर्षांची आहे, गच्ची दोनदा वॉटरप्रूफ केलीय, तरी वरच्या मजल्यावर ओल येते. तिच्यावर काही टनांचं लोखंड चढणार आहे. जनरेटर कुठे ठेवणार, त्याचा धूर कुणाच्या खिडकीत जाणार, हे कुणीच विचारलेलं नाही. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर आणि त्यांचं प्रमाणपत्र बघता येतं, ठरावीक फी भरून लहरींची मोजणीही करून घेता येते.

सभा रविवारी सकाळी साडेदहाला आहे. मी स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत मागणार आहे, जनरेटरची जागा लेखी मागणार आहे, आणि टॉवर सुरू झाल्यावर महिनाभरात मोजणी करून तिचे आकडे जिन्याखालच्या फलकावर लावावेत अशी सूचना मांडणार आहे. अनुमोदन वहिनी देणार आहे.