‘पुढे बदला’ एवढं सोपं नसतं

पॉडकास्ट सुरू करण्याबद्दलच्या लेखात ‘सुरुवातीला फुकटचं होस्टिंग (भाग ठेवायची ऑनलाइन जागा) घ्या, पुढे वाटलं तर बदला’ असं म्हटलंय. पण बदलायचं कसं, ते राहूनच गेलं. श्रोत्यांचं ॲप तुमच्या आरएसएस फीडच्या (म्हणजे भागांच्या ऑनलाइन यादीच्या) पत्त्यावर नवे भाग शोधतं. जुन्या होस्टने ३०१ रीडायरेक्ट (‘पत्ता कायमचा बदललाय’ असा निरोप) लावून दिलं, तर ते सहसा आपोआप नव्या पत्त्यावर जातं. आमच्या वाचनकट्ट्याचा पॉडकास्ट हलवायला काढला, तेव्हा जुन्या कंपनीच्या सेटिंगमध्ये ती सोयच नव्हती आणि मेलला उत्तर यायचं ते छापील. शेवटी व्हॉट्सॲपवर ‘नवी लिंक फॉलो करा हो’ म्हणून लोकांच्या विनवण्या कराव्या लागल्या. बरेचजण आलेच नाहीत.

स्टोरेजचा, म्हणजे फायलींना किती जागा मिळते याचा, मात्र लेखात उगाच बाऊ केलाय. नुसत्या बोलण्याच्या कार्यक्रमाला ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची, एमपी३ पुरते, म्हणजे तासाला जेमतेम २९ एमबी. ‘अनलिमिटेड’साठी जादा पैसे मोजण्यापेक्षा फीड स्वतःच्या डोमेनवरून (स्वतःच्या वेबपत्त्यावरून) देता येतो का आणि सोडून जाताना रीडायरेक्ट किती काळ चालू ठेवणार, हे होस्टला आधी विचारा. मूळ रेकॉर्डिंगच्या वेव्ह फायली घरच्या हार्ड डिस्कवर हव्यातच, ते वेगळं सांगायला नको.