पाच सेकंदांत उचललं म्हणून खायला चालतं का?

"खाली पडलेला पदार्थ पाच सेकंदांच्या आत उचलला तर खुशाल खा. जंतूंना चढायला तेवढा वेळ लागतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. वर एक फुंकर मारा. फरशी तर आपण रोज फिनाइलने पुसतोच. राहिलेल्या जंतूंचं पोटातलं आम्ल बघून घेतं, उलट मुलांची प्रतिकारशक्ती वाढते. आमच्या आज्या असंच खाऊन नव्वदी पार करून गेल्या. अन्न हे पूर्णब्रह्म, टाकू नका." अशा अर्थाचा मजकूर कुटुंबांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतो. घरात रांगणारं बाळ असलेली माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

पहिला मुद्दा पाच सेकंदांचा. जंतू चालत येऊन पोळीवर चढत नाहीत. पदार्थ फरशीला टेकला, दोन्हींमध्ये ओल असली, की ते त्याच क्षणी लागतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात डोनाल्ड शाफनर आणि रॉबिन मिरांडा यांनी हे नीट तपासलं; त्यांचं काम 2016 साली प्रसिद्ध झालं. स्टील, टाइल, लाकूड आणि गालिचा असे चार पृष्ठभाग त्यांनी घेतले. त्यांवर कलिंगड, साधा पाव, लोणी लावलेला पाव आणि चिकट गोळ्या टाकल्या. वेळ ठेवली एक सेकंदापेक्षा कमी, मग 5, 30 आणि 300 सेकंद. जास्त वेळ पडून राहिलेल्या पदार्थावर साधारणपणे जास्त जंतू लागले, हे खरं. पण काही वेळा एका सेकंदाच्या आतही ते लागलेले होते. सगळ्यात जास्त लागले कलिंगडाला, सगळ्यात कमी गोळ्यांना. पदार्थ किती ओला आहे आणि खालचा पृष्ठभाग कसा आहे, यावर खूप काही ठरत होतं. गालिच्यावरून तर टाइलपेक्षा कमी जंतू आले, कारण गालिच्याला पदार्थ पूर्ण टेकत नाही. आपल्या घरांत गालिचा कुठे असतो? आपल्याकडे गुळगुळीत लादी, आणि मोरीजवळ तर ती बहुतेक वेळा ओली.

पॉल डॉसन यांनी क्लेमसन विद्यापीठात केलेलं काम त्याआधीचं, 2007 साली प्रसिद्ध झालेलं. त्यांनी फरशीवर साल्मोनेला हे अन्नातून विषबाधा करणारे जंतू लावून ठेवले होते. कोरड्या पृष्ठभागावरही ते चार आठवड्यांपर्यंत पदार्थाला लागण्याइतक्या संख्येने जिवंत राहिले. टाइलवर पाच सेकंद ठेवलेल्या मांसाच्या कापावर टाइलवरचे 99 टक्क्यांहून अधिक जंतू गेले. म्हणजे फरशी वाळली की जंतू मेले, हा समजही सोडायला हवा.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" हे कुठून आलं? 2014 साली इंग्लंडच्या ॲस्टन विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांच्या एका प्रयोगाची माहिती जाहीर केली होती. वेळेने फरक पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. बातम्यांमध्ये त्याचं "नियम खरा ठरला" झालं. वेळेने फरक पडतो आणि पाच सेकंदांपर्यंत काहीच लागत नाही, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्याच्याही आधी, 2003 साली, जिलियन क्लार्क या शाळकरी मुलीने इलिनॉय विद्यापीठात उन्हाळ्यात काम करताना टाइलवर ई. कोलाय हे आतड्यांत आढळणारे जंतू लावून तपासलं आणि पाच सेकंदांच्या आतच ते खाऊला लागलेले पाहिले. दुसरी बाजूही तिनेच दाखवली: विद्यापीठातल्या फरश्यांचे नमुने घेतले तेव्हा त्यांवर जंतू फारच थोडे निघाले. पडलेली चकली खाऊन बहुतेक वेळा काहीच होत नाही, ते यामुळे. तिथे रोग पसरवणारं काही नव्हतं म्हणून आपण सुटलो, लवकर उचललं म्हणून नाही.

फुंकरीने केस आणि धूळ उडते. जंतू मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो, ओल्या पदार्थाला चिकटलेला असतो. तो हलत नाही. उलट तोंडातले तुषार मात्र पदार्थावर पडतात.

फिनाइलचं म्हणाल तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण किती जण बघतात? अंदाजाने टोपणभर ओततो, आणि एकाच बादलीतल्या पाण्यात तेच पोतेरं बुचकळत संडास-बाथरूमच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत येतो. मळलेल्या पाण्यात जंतुनाशकाचा जोर कमी होतो, वर घाण घरभर पसरते. शिवाय सकाळी पुसलेल्या लादीवर दिवसभरात चिकन किंवा मासे धुतानाचं पाणी ओट्यावरून ठिबकतं. झुरळं फिरतात, पालीची लेंडी पडते; झुरळं आणि पाली साल्मोनेला वाहून आणू शकतात.

पोटातलं आम्ल खरंच मोठं संरक्षण आहे. पण शिगेला या हगवणीच्या जंतूला ते फारसं रोखत नाही. 10 ते 100 जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. आणि आपल्या घराघरांत सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेणारी माणसं आहेत. त्या गोळीचं कामच आम्ल कमी करणं. ती नियमित घेणाऱ्यांना आतड्यांच्या संसर्गाचा धोका वाढतो.

आज्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. नव्वदी गाठलेल्या आज्या आपल्याला दिसतात. त्यांची पाळण्यातच गेलेली भावंडं दिसत नाहीत. 1971 साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे 129 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 2020 साली तो आकडा 28 वर आला. त्या मृत्यूंमध्ये जुलाब हे एक मोठं कारण होतं. ती सगळी मुलं जमिनीवरचं खाऊन गेली, असं मी म्हणत नाही. पण "आम्हाला काही झालं नाही" हे फक्त वाचलेलेच सांगू शकतात. प्रतिकारशक्तीचंही तसंच. लहानपणी मातीत, गुराढोरांत वावरल्याने ॲलर्जी कमी होते, या विचाराला आधार आहे. पण तो निरुपद्रवी सूक्ष्मजीवांबद्दल आहे. जुलाबाचे जंतू किंवा जंताची अंडी पोटात जाण्याने मूल बळकट होत नाही. शाळा-अंगणवाड्यांमध्ये मुलांना जंतनाशक गोळी द्यावी लागते, ती याच मातीतून येणाऱ्या जंतांसाठी.

राहिलं पूर्णब्रह्म. अन्न टाकताना जीव तुटतो, आणि तो तुटायलाच हवा. पण अन्नाचा मान राखायला ते तसंच तोंडात घालावं लागत नाही. सांडलेले तांदूळ, डाळ, गहू गोळा करा, निवडा, धुवा. शिजताना जंतू मरतात. अख्खं सफरचंद किंवा चिकू वाहत्या पाण्याखाली चोळून धुतला की झालं. भाकरी पडली तर झटकून पुन्हा तव्यावर टाका आणि दोन्ही बाजूंनी चांगली चरचरीत तापवा. हा जुना उपाय पाच सेकंदांच्या नियमापेक्षा शास्त्राला कितीतरी जवळचा आहे. कोरड्या, स्वच्छ खोलीत पडलेली शेव धडधाकट माणसाने खाल्ली तर मी अडवणार नाही. भाजीत बुडवलेली पोळी, दहीभात, कापलेलं फळ मात्र गायीला घाला किंवा खताच्या डब्यात टाका. गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, थकलेले आजोबा यांच्या ताटात खाली पडलेलं काहीही परत वाढू नका. आणि दीड वर्षाच्या मुलाच्या हातून कलिंगडाची फोड पडली, तर दुसरी कापून द्या.