‘शेअरिंग कसलं, फुकट्यांचा बाजार!’ – या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन: बिटटॉरेंटवर (फाइल तुकड्यातुकड्यांनी एकमेकांकडून घेण्या-देण्याचं तंत्र) देवाणघेवाण नावालाच आहे, लोक 1.0 रेशोही (दिलेलं भागिले घेतलेलं) न गाठता पसार होतात. अपलोड सेकंदाला 5 केबीवर बांधलं तर वेग मिळत नाही. आणि मोकळं सोडलं तर घरातलं अख्खं नेट बसतं.

दुसऱ्या आक्षेपातच पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. क्लायंट, म्हणजे तुमचं टॉरेंट सॉफ्टवेअर, एका वेळी मोजक्याच पिअरना, म्हणजे तीच फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या इतरांना (मूळ रचनेत चार), तुकडे देतो. दर 10 सेकंदांनी हिशेब होतो: मला सगळ्यात जास्त कोण देतंय? त्यांना चालू, बाकीच्यांना बंद. शिवाय दर 30 सेकंदांनी एखाद्या अनोळख्याला संधी मिळते, नाहीतर नव्याने आलेल्याला सुरुवातच करता आली नसती. 5 केबी देणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः ही संधीच येते. सीडर, म्हणजे पूर्ण फाइल असून ती देत राहणारे, भरपूर असतील तर हे जाणवत नाही, कारण सीडरला तुमच्याकडून काही नकोच असतं. ते कमी असले की लगेच जाणवतं.

नेट बसतं ते डाउनलोडमुळे नव्हे. अपलोडची वाट तुंबली की ‘मिळालं’ असं कळवणारी छोटी पाकिटंही तिथेच रांगेत अडकतात आणि मग साधी वेबपानंही रखडतात. अपलोड मोजा आणि त्याच्या 80 टक्क्यांवर मर्यादा घाला. 10 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सुमारे 1250 केबी, म्हणजे मर्यादा 1000. शून्य मात्र लिहू नका. क्यूबिटटॉरेंट या क्लायंटमध्ये शून्य म्हणजे मर्यादाच नाही. पोर्टही (बाहेरच्यांना तुमच्याशी जोडून घेण्याचं दार) तपासा. सीजीनॅटमागे असाल, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असेल, तर राउटरवर पोर्ट उघडून फायदा नाही. आयपीव्ही6 (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर ते चालू करा.

आता रेशो. इथे तुमचं गणित चुकतंय. स्वॉर्ममध्ये, म्हणजे एका फाइलभोवती जमलेल्या सगळ्यांत मिळून, एकूण अपलोड आणि एकूण डाउनलोड सारखंच असतं. पहिल्या सीडरने निदान एक पूर्ण प्रत दिलेली असते, त्यामुळे उतरवून घेणाऱ्यांची सरासरी 1.0 च्या खालीच राहणार. 0.7 वर थांबलेला माणूस फुकट्या असेलच असं नाही. त्याच्याकडून घ्यायला कुणी उरलंच नसेल.

एक मात्र मान्य. ही अदलाबदलीची सक्ती फाइल पूर्ण होईपर्यंतच चालते. त्यानंतर सीड करत राहणं निव्वळ मर्जीचं, आणि 2001 साली ब्रॅम कोहेनने हे तंत्र आणलं तेव्हापासून मूळ प्रोटोकॉलमध्ये त्यावर इलाज नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) पटकन उतरते आणि जुनी, कुणाला फारशी नको असलेली फाइल 97 टक्क्यांवर अडते, त्याचं कारण हेच. दुर्मिळ तुकडा आधी मागण्याची युक्ती प्रती पसरवते खरी, पण एखाद्या तुकड्याची शेवटची प्रतच निघून गेली तर तीही हतबल.

म्हणून अडलेल्या टॉरेंटवर चिडण्याआधी ‘अव्हेलेबिलिटी’चा आकडा बघा. तो 1 च्या खाली असेल, तर जोडलेल्या सगळ्यांचे तुकडे एकत्र करूनही फाइल पुरी होत नाही. तेव्हा अपलोड वाढवून काही साधणार नाही. राहिलेले तुकडे असलेला कुणी जोडला गेला तरच ती पुरी होईल.